पाठकोरं

आर्मास काउप्पीला मी सव्वीस वर्षं शब्द पुरवले,
म्हणजे पुरवायची वेळ त्यानं फारशी आणलीच नाही.
पाठांतर असं चोख, की लेखकाच्या चुकासुद्धा
काना-मात्रेसकट म्हणायचा.

आई ताम्पेरेच्या कापडगिरणीत बॉबिन भरायची.
तो युद्धावरून परतला तेव्हा
छातीवर स्वातंत्र्याचा क्रॉस,
उजव्या हाताला तीनच बोटं,
आणि तीन बोटांना गिरणीत काम नाही.
नाटकात असतं. तिथं हातमोजा मिळतो.

पहिली भूमिका सैनिकाची. दुसरं काय देणार?
कपडेपटातल्या सायमीनं त्याचा क्रॉस दिव्याखाली धरला,
म्हणाली, अरे हा तिसऱ्या रांगेतूनही दिसायचा नाही,
आणि पत्र्याचा एक लावला, बशीएवढा.
खरा टाकला डब्यात
बाकीच्या पत्र्याच्या शौर्याबरोबर.
त्यानं परत मागितला नाही.
डिसेंबरात नगरभवनात मेजवानी असली
की डब्यात हात घालायचा, येईल तो लावून जायचा.
एकदा संगीतिकेतल्या राजपुत्राचं पदक गेलं.
त्याला एका जनरलनं सलाम ठोकला.

मरणं मात्र त्याला कधी जमलं नाही.
दिग्दर्शक ओरडायचा, आर्मास, जरा वेळ घे,
हात वर जाऊ दे, आईला हाक मार!
हा नुसता खाली बसायचा,
शेवटची बस चुकल्यावर माणूस बाकावर बसतो तसा.
प्रेक्षक हसले. दुसऱ्या दिवशीही हसले.
मग त्याला दारुडा शिंपी मिळाला,
बहिरा पाद्री मिळाला, सासरे तर किती.
गाव पोट धरून हसायचं. तो विंगेत येऊन विचारायचा,
आज कशाला हसले गं?

उन्हाळ्यात आमचे खेळ तळ्याकाठी.
तिथं रंगमंच फिरत नाही, प्रेक्षक फिरतात.
आठशे माणसांचं जातं सावकाश वळतं
आणि त्यांची पाठ झाली की मेलेले उठतात,
माती झटकतात, सिगारेट पेटवतात, डास मारतात.
जुलै होता. रात्रीचे दहा, झाडांच्या शेंड्यांवर ऊन.
जातं वळलं. सगळे उठले.
आर्मास पडूनच.
मी वही टाकून धावले.
डोळे उघडे होते. म्हणाला,
तोही असाच पडला होता.
आमची पाठ वळल्यावर उठला असेल,
असं मला अजून वाटतं.
मग उठला. पुढच्या प्रवेशात शिंपी व्हायचं होतं.

त्या हिवाळ्यात लिहायला लागला,
शिसपेन्सिलीनं, जुन्या संहितांच्या पाठकोऱ्या कागदांवर.
त्यामुळे त्याच्या युद्धाच्या पाठीमागे
कुणाचं तरी लग्न लागत असायचं,
कुणी पलंगाखाली लपलेलं असायचं.
टाइप मी करायची.
एक पुस्तक घोड्यांवर झालं, एक भाकरीवर,
जी कुऱ्हाडीनं फोडावी लागे,
एक नुसतं आईच्या पत्रांचं.
वर्तमानपत्रांनी लिहिलं, साधी शैली.
साधी कसली. तीन बोटांची.

चौथ्यात तो टेकडीपर्यंत आला.
पान एकशे बारा. ‘मग मी’.
पुढे काही नाही.
दुसऱ्या दिवशी नवा कागद, पुन्हा ‘मग मी’.
आणि माझ्याकडे बघायचा,
स्टेजवरून बघतात तसं, मान न वळवता,
जणू माझ्यासमोर वही उघडी आहे.
मी ओठ हलवले. खरंच हलवले. सवय.
आवाज कुठून आणू?

तो गेल्यावर प्रकाशकाचा फोन आला,
ओळ अर्धी राहिलीय, पुढचं पान पाठवा.
म्हटलं, नाही राहिली.

सायमीचा डबा आता माझ्या कपाटात आहे.
चौदा क्रॉस, तीन राजपुत्र.
गेल्या आठवड्यात संग्रहालयाचा मुलगा आला,
कोवळा, बूट दाराबाहेर नीट काढून ठेवलेला.
विचारत होता, यातला खरा कोणता?
सगळे घेऊन जा म्हटलं.
त्याला एकच हवा होता.