परतीचं डिझेल

सहा बाटल्या टांगल्यात इंजिनावर,
कालच्या लग्नातल्या, पाण्याच्या,
प्रत्येकीत एक नळी.
गाडी आयडलवर.
रोहिदास मोबाइलात वेळ बघतोय,
दोन मिनिटं, जास्त नाही.

जे जळत नाही ते परत जातं,
मस्तान उस्ताद म्हणायचे.
इंजेक्टर घोटभर घेतो, चिमूटभर फवारतो,
उरलेलं टाकीला धाडतो.
किती परत आलं बघ,
म्हणजे कळंल कोण थकलंय.

चार नंबरची बाटली गळ्यापर्यंत.
बाकीच्यांत बोटभर.

जोगासिंग लांब बसलाय, स्टेपनीवर,
पगडीच्या घड्यांत हळदीची भुकटी.
वसमतच्या मोंढ्यातून पोती भरली
की सांगलीपर्यंत तो असाच पिवळा असतो
आणि बोलत असतो.
आज गप्प.
सोळंके मालकांनी तीन महिने पगार कापलाय.
साडेचारचा एव्हरेज तीनवर आला,
टाकीला कुलूप, तरी डिझेल जातंय,
मग कोण पिऊ लागलंय, सांग?
जमिनीवर थेंब दिसला का कधी?
नाही, म्हणाला हा.
हो म्हणाला असता तर वाचला असता.

चार नंबर निघता निघेना.
कार्बननं असा धरलेला
जसा भावकीनं बांध.
रॉकेल सोडलं, चहा झाला,
झटक्याचा हातोडा लावला,
अकराव्या झटक्याला आला
नोझलवर काळा शेंबूड घेऊन.
खाच पुसली, बोटाला चिंधी गुंडाळून, तळापर्यंत.
नवा बसवला.

इथं काम संपायला पाहिजे होतं.

ऑइल बदलून टाकू म्हणून चेंबरचा बोल्ट खोलला
तर तेल थांबेना.
घमेलं भरलं, दुसरं भरलं,
रोहिदास कळशी घेऊन पळत आला.
पाण्यासारखं पातळ. बोटावर घेऊन हुंगलं.
डिझेल.
थेंब जमिनीवर दिसणार कसा?
आतल्या आत उतरत होता,
रिटर्न लाइनच्या बोल्टापासून,
वळणावळणानं, तीन महिने,
कुणाला न सांगता.

ट्रेमध्ये काढून ठेवलेले तांब्याचे वायसर
मी एकेक अंगठ्याखाली घेतले.

उस्तादांचा नियम: तांबं एकदा वापरलं की कडक होतं.
लाल तापव, पाण्यात सोड, मऊ होतंय लेकराच्या कानासारखं.
तापवलं की कानशीनं कडेला एक खूण कर.
दोन खुणा झाल्या की फेक.

पाचव्या वायसरवर
तीन खुणा.

दिवाळीच्या आदली रात्र होती,
स्पेअरचं दुकान बंद,
आणि जोगासिंगला घरी नांदेडला जायचं होतं.
तिसरी खूणसुद्धा मीच केली होती.
खोटं काम केलं
आणि त्याची नोंद खरी ठेवली.

मालकांना फोन लावला.
चोरी नाही म्हणलं, गळती हाय. आतली.
बरं, म्हणाले. मग चूक कुणाची?

नव्या वायसरचं पाकीट रोहिदासनं दातानं फाडलं.
तीस रुपयांना बारा.
रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला,
दोन ट्रॉल्यांचा, तो जाईपर्यंत
काही ऐकू येणार नव्हतं, मी थांबलो.

माझी, म्हणलं.
आणि पगार कापला ते तेवढं त्याला...
फोन कट झाला होता की त्यांनी केला, माहीत नाही.
परत लावला. परत लावीन.

जोगासिंगनं ऐकलं होतं.
उठला, ट्रेजवळ आला,
तो वायसर उचलून उजेडाकडं धरला,
भोकातून माझ्याकडं बघितलं
आणि खिशात टाकला.
कशाला, मी विचारलं नाही.

सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात उठली गाडी.
धूर नाही, खोकला नाही.
हिशेबात मजुरीची रेघ मी कोरी सोडली,
त्यानं बघितली, काही म्हणाला नाही.

मग सहाही बाटल्या त्यानं तारेवरून सोडवल्या,
टाकीचं कुलूप उघडलं,
आणि एकेक ओतली आत,
चार नंबरची शेवटी,
उलटी धरून,
थेंब थांबेपर्यंत.