अकरा मिनिटं

रत्नागिरीच्या पतपेढीत तळमजल्यावर एक कपाट आहे,
सदा गार, सदा घोंघावणारं.
त्यात जे लिहिलं जातं ते दर पंधरा मिनिटांनी कुडाळला जातं,
हातखंबा, लांजा, राजापूर,
रस्त्याच्या कडेला पुरलेल्या काचेच्या दोऱ्यातून,
आणि तिथल्या कपाटात जसंच्या तसं उमटतं.
मी ती खोली कधी पाहिलेली नाही.
परुळेकर सांगतात, दारात एक बेडूक बसतो,
हाकलला तरी संध्याकाळी परत.

वादळाच्या दिवशी शेवटचा हप्ता गेला साडेचारला.
चार एकेचाळीसला दोरा तुटला,
वाटूळजवळ कुठेतरी. दरड, नाहीतर झाड.
मग जिन्याखाली पाणी.
आधी चपलेएवढं, मग घोट्याएवढं.
जनरेटर खोकला आणि गप्प झाला.

अशा वेळी काय करायचं ते मी भिंतीवर लावून ठेवलंय,
माझ्याच अक्षरात, कारण घाबरल्यावर डोकं चालत नाही:
आधी इथलं लिहिणं बंद.
खात्री कर. परत खात्री कर.
मगच तिथल्याला उठव.
उलटं झालं तर दोन्ही कपाटं स्वतःलाच खरं समजतील,
आणि एका होडीवर दोन तांडेल झाले
की सुकाणू कुणाचंच नाही.

बॅटरी सहा टक्के.
मी इथला हात बांधला. फोन चौथ्यांदा लागला.
"परुळेकर, घ्या."
पलीकडून वारा, आणि त्यांचा सावकाश आवाज:
"म्हणजे आता मीच खरो काय गो?"
"तुम्हीच खरे."
"बरां. मगे चाय पिऊन करतंय..."
"आत्ता!"
हसले. केलं.
देवगड चालू झालं, मग मालवण.
आमच्याकडे नुसता अंधार.

साडेचार ते चार एकेचाळीस.
कुडाळच्या वहीत एवढा वेळ घडलाच नव्हता.

पाचव्या दिवशी मिरकरवाड्याहून हलिमा होडेकर आल्या.
पासबुक पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
सतराशे चाळीस रुपये जमा, छापलेले, चार सदतीस.
पडद्यावर काही नाही.
मी समजावलं: दोरा, हप्ता, मूळ, नक्कल.
त्यांनी ऐकून घेतलं,
बर्फाचा भाव वाढवणाऱ्याचं ऐकावं तसं.
मग म्हणाल्या,
"तुमच्या त्या कुडाळला सांगा, मी आले होते."

त्या रात्री जुनं कपाट उघडलं,
फक्त वाचायला. लिहायची मुभा नाही.
अकरा मिनिटांत नऊ नोंदी निघाल्या.
एक रद्द केलेली, एक माझ्याच स्कूटरचा हप्ता,
आणि हलिमाबी.
एकेक हाताने कुडाळच्या वहीत चढवली.
भिंतीवरच्या कागदावर पंधरा खोडून पाच लिहिलं.
पाच मिनिटांतही कुणीतरी येऊन जाईलच.

मग उलटा प्रवाह, तीन रात्री.
कुडाळ सांगणार, रत्नागिरी उतरवून घेणार.
फरक चाळीस जीबी, नऊ, दोन,
मग बराच वेळ दोनच,
रविवारी पहाटे शून्य.
मी फोन केला. "परुळेकर, सोडा."
थोडे थांबले.
"सोडलंय," म्हणाले.
"बेडूक पण खंय दिसणा नाय आज."