बारा अक्षरं

परभणी, स्टेशन रोड, जिन्याखालचं दुकान.
तस्नीमच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं
आणि वायफायचं कार्ड मुकं झालं.
"कामून चालंना हो? काल तर विंडोजवर चालत होतं."

वरचं घर बदललं, म्हटलं, आतला भाडेकरू तोच.
नवी बोली त्याच्या कानात
रोज मशीन उठताना सांगता येते,
बंद केलं की विसरतो. त्यात धोका नाही.
पण तिला घाई होती, मला खुमखुमी.
चिपवरचं पानच पुसून
पेनड्राइव्हमधलं दुसरं चढवायला घेतलं.

चौसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
इन्व्हर्टर कण्हला, पंखा थांबला,
हिरवी पट्टी तेवढी सरकत राहिली.
तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही.

लागलं. दोनशे रुपये.

तिसऱ्या दिवशी ती रूममेटला घेऊन आली,
दोघींचे लॅपटॉप काखेत.
"हिचं लागलं की माझं तुटतंय."

पेनड्राइव्हमधलं ते पान
मागच्या महिन्यात दुरुस्त केलेल्या
रूममेटच्याच कार्डाचं होतं.
बारा अक्षरांचा पत्ता, जसाच्या तसा.
राउटर एका नावाला एकच ताट वाढतो.

तस्नीमच्या कार्डाचा मूळ पत्ता?
चिपवरचा मी पुसला.
स्टिकरवर होता,
तोही स्पिरिटनं घासला होता मीच,
कार्ड नव्यासारखं दिसावं म्हणून.

शेवटची दोन अक्षरं मनानं बदलून दिली.
चालतंय. पैसे परत केले.

रात्री वहीत लिहिलं:
आधी नक्कल काढायची.
स्टिकरला हात लावायचा नाही.
तस्नीम, मूळ पत्ता —
आणि पुढं नुसती रेघ.