एकेचाळीस सेकंद

मी चर खणतो. व्होरूच्या बाजूला, दलदलीत.
पाणी कुठं अडलंय, ते मला आवाजावरून कळतं.

रान्नो चौदा महिन्यांचा असताना
डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली:
मूत्राचं छिद्र टोकाशी नाही, खाली आहे,
पुढची नळी नवी घडवावी लागेल.
मी विचारलं, टिकते किती वर्षं?
त्या म्हणाल्या, मुलाबरोबर वाढायला हवी.
चर कुठं वाढतो?

तिसऱ्या वर्षी टाक्याच्या जागी भोक पडलं,
बाजूनं थेंब झिरपू लागला.
परत तार्तू, परत भूल,
परत मांडीला चिकटवलेली ती मऊ नळी.

तेव्हापासून मी मोजतो.
बाथरूमच्या भिंतीला कान लावून नव्हे,
नुसता बाहेर कोट टांगत, बुटाची नाडी सोडत.
एकेचाळीसपर्यंत जायचं कधीकधी.
माझे स्वतःचे पंधरा.

दर दोन-तीन वर्षांनी हेल्वे सिस्टर
त्याला फनेलच्या यंत्रापाशी एकटं सोडते
आणि बाहेर कागद सरकत येतो.
पाचव्या वर्षी सपाट. आठव्या वर्षी सपाट.
अकराव्या वर्षी ती म्हणाली, पठार म्हणतात याला,
पण आपल्या देशात काय,
तीनशे अठरा मीटरचा सुद्धा डोंगर होतो.
वयात येऊ दे, थांबू या.
हसलं नाही कुणी.

शाळेच्या सहलीत पोरं बर्फावर
उभ्या उभ्या आपापली नावं लिहीत होती.
रान्नोचं नाव तसं छोटं,
तरी तो झाडामागं गेला.
धार फाकते त्याची. हे त्यानं नाही सांगितलं,
बुटांनी सांगितलं.

आज, पंधरा संपता संपता,
कागदावरची रेघ चढली.
फार नाही. चढली आणि उतरली.
मुनामॅगीएवढी, हेल्वे म्हणाली,
आत वीस मिली उरतंय अजून,
दोन वर्षांनी या.

गाडीत तो बराच वेळ बाहेर बघत होता.
मग म्हणाला, बाबा, तू मोजतोस ते मला माहीत आहे.
कोट टांगायला इतका वेळ
कुणालाच लागत नाही.
मी वायपर सुरू केला. काच कोरडी होती.

रात्री बाथरूमचं दार लागलं
तसा मी अंगणात गेलो.
लाकडं आत आणायचीच होती.
एक ओंडका, दोन, तीन,
सातव्यापाशी आकडा चुकला,
पुन्हा पहिल्यापासून मोजले नाहीत.