कुऱ्हेकरांचा र

कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे उतरताना डाव्या हाताला
‘कुऱ्हेकर चष्मेवाले’. पाटी तीनदा रंगवलेली.
आत तीन यंत्रं, तीन मुलखांची:
काउंटरवर तेरा वर्षांचा विंडोज, पंख्याला खोकला;
मागे काच घासायच्या मशीनला जोडलेला लिनक्स;
माडीवर सूनबाई डोळे तपासतात, त्यांचा मॅक.
“एकच प्रोग्राम कर, उल्का, तिन्हीकडे चालणारा.
तीन केलेस तर चुकाही तीन ठिकाणी शोधशील.”
मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

रात्री सुदामानगरात, गॅलरीत, टूलकिट बघायचा कार्यक्रम.

पहिला आला तो अख्खा ब्राउझर पाठीवर घेऊन.
पेलाभर पाणी मागावं, यानं विहीर उपटून आणावी.
काउंटरवरचं मशीन त्याला बघूनच बसलं.

दुसरा जाईल तिथले कपडे घालतो,
विंडोजवर विंडोजचं बटण, मॅकवर मॅकचं. गुणी.
पण लिनक्सवर त्याच्या तक्त्यातला शेवटचा रकाना
दोन बोटं खाली घसरायचा,
आणि का, ते मला चार रात्री कळलं नाही.

तिसरा सगळं स्वतःच रंगवतो, रेघ न् रेघ,
एकच तोंड घेऊन सगळीकडे फिरतो.
त्याचा परवाना वाचायला बसले:
तुकडे वेगळे ठेवलेस तर फुकट,
आत शिवून टाकलेस तर
तर
दूध उतू गेलं.

चौथा तरणाताठा. मागच्या दिवाळीपासून
त्यानं दोनदा रीत बदलली.

उरला म्हातारा, करड्या बटणांचा,
तहसील कचेरीतल्या कारकुनासारखा,
हसत नाही, मागत नाही, मरत नाही.
खरं सांगायचं तर मला त्याची दया आली,
आणि दयेनं निवड करू नये हे माहीत असून
मी सहाशे ओळी लिहिल्या.

मंगळवारी, दुकान उघडायच्या आधी, पहिलं कार्ड उघडलं.
नाव मुद्दाम त्यांचंच घातलेलं.
काउंटरवर बरोबर. माडीवर बरोबर.
मागे, काचेच्या भुकटीत, लिनक्सवर:
कु, मग तळाशी टिंब लावलेला, पाय मोडलेला र,
मग उघडाबोडका ह,
आणि त्याची मात्रा शेजारच्या घरी.

काका सहा पावलं मागे गेले,
गिऱ्हाइकाला उभं करतात तिथवर.
तळव्यानं एक डोळा झाकला. मग दुसरा.
“डोळ्यांत दोष नाही,” म्हणाले,
“हा र माझा नाही.
माझा र आडवा निजतो, ह ला टेकून, पापणीसारखा.
बटणं खुशाल हिंदीत ठेव, रईसला वाचायचीत,
‘सहेजें’ काय नि ‘जतन करा’ काय.
पण नाव मतदार यादीत तुटलं, बँकेत तुटलं,
आधारावर तर मी कुरहेकरच आहे.
माझ्याच दुकानात तरी तोडू नकोस.”

सहाशे ओळी पुसल्या नाहीत.
एका फोल्डरात ठेवल्या, त्याला नाव दिलं: जुने.

तिसरा घेतला. त्याची नवी आवृत्ती
काउंटरवरच्या विंडोजला ओळख दाखवेना,
म्हणून एक पिढी मागची उतरवली,
परवान्यात म्हटलं तसे तुकडे वेगळे ठेवले.
रात्री साडेदहाला, रईस शटर ओढत असताना,
लिनक्सवर कु नंतर तो र
हळूच कुशीवर वळला.

सूनबाई परवा म्हणाल्या, छान झालंय गं,
पण मॅकवर थोडं परकं वाटतं,
बटणं इथली वाटत नाहीत.
मी म्हटलं, हो. आणि पुढे काही म्हटलं नाही,
खाली काका गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलत होते,
मधेच फोनवर मराठीत, आणि आवाज तोच.

निघताना त्यांनी मला पायरीवर थांबवलं.
“अक्षर दोन घरं मोठं कर.
माझाच नंबर वाढलाय.
कार्डावर लिहू नकोस.”