माया

पाळी गेली का, डॉक्टर कुएल्यो विचारतात,
जशी ती कुणी शेजारीण, शेवटच्या फेरीने पलीकडे गेलेली.
मी म्हणते, केमोपासून आली नाही. आठ महिने झाले.
त्या म्हणतात, न येणं म्हणजे जाणं नव्हे,
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती दाराआड उभीही असू शकते.
रक्त तपासू. मग तुम्ही ठरवा.

बांबोळीच्या ओपीडीत त्यांनी केसपेपर उलटा करून
मधोमध एक रेघ मारली.
डावीकडे टॅमॉक्सिफेन. रोज एक, पाच वर्षं, कदाचित दहा.
पिशवीचं अस्तर जाड होऊ शकतं,
पायात रक्ताची गुठळी, क्वचित.
उजवीकडे महिन्याला पोटात एक सुई, अंडाशयांना झोपवणारी,
आणि वर रोजची लेट्रोझोल.
हाडं विरळ होतात. बोटांचे सांधे सकाळी उघडत नाहीत.
काखेतल्या तीन गाठी पाहता उजवी बाजू थोडी बरी,
शंभरात चारपाच जणींना तिचा जास्त उपयोग.

अस्तर मला माहीत होतं. विरलेलं कापडही.
तीस वर्षं चोडणात ब्लाउज शिवते आहे.
गुठळी पायात, आणि माझं मशीन पायाचं.
सांधे बोटांचे, आणि हूक लावायचे बोटांनी.
रेघेच्या दोन्ही बाजूंना माझंच दुकान होतं.

परतताना फेरीत कठड्याला टेकून उभी राहिले.
बाबा ओहोटीला मानशीवर जाळं लावायचे, कंदिलाच्या उजेडात,
सुंगटं टोपलीत तडतडायची.
मानशीची दारं भरतीच्या जोरानंच मिटतात,
खारं पाणी शेतात शिरत नाही.
डॉक्टरांनी कुलूप-किल्ली सांगितली होती, मला मानस कळली.
टॅमॉक्सिफेन दार लावून घेतं, पाणी बाहेर तसंच राहतं.
दुसरी वाट भरतीच थांबवते.
भरती नसलेली नदी मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात आतून जाळ उठला, गळ्यापासून कपाळापर्यंत.
दिवाडीची क्लोतिल्दा पुढच्या आठवड्यात रांगेत भेटली,
तेव्हा तिलाही तसंच. घडी घातलेल्या पेपरानं
आम्ही एकमेकींना वारा घालत बसलो.
तिनं अंडाशयंच काढून टाकली होती. दर महिन्याला कोण येणार, म्हणाली.
मी तिच्यासमोर कागद धरला. तिनं चष्मा काढला नाही.
"कितेंय घे गे, पूण घे.
म्हज्या भयणीन दोन वर्सांनी सोडलें."
मग ती बिस्किटं शोधायला लागली, पर्समध्ये, बराच वेळ.

रिपोर्ट आला. पाळी गेलेली नव्हती.
मला जरा बरं वाटलं, आणि त्याची लाजही.
आता तिला मीच घालवायची होती.

त्या रात्री शंभर हूक ताटलीत मोजले.
चार बाजूला काढले. पाचवा काढला.
एकेका हुकाला नाव देता येईना,
आणि एकही परत टाकवेना.

ब्लाउज बेतताना मी आत दोन बोटं माया सोडते.
बाई वाढते, आटते, बाळंत होते,
कापड तेच राहतं, शिवण सरकते.
डॉक्टरांना विचारलं, ह्यात माया आहे का?
त्या गोव्याच्याच, पण शिवणातल्या नव्हत्या. समजावून सांगावं लागलं.
मग म्हणाल्या, आहे. उजवीकडून सुरू करू.
हाडांची तपासणी दर वर्षी.
बोटं अगदीच ऐकेनाशी झाली तर गोळी बदलू,
तेही नाही जमलं तर डावीकडे येता येतं.
सोडायचं मात्र मला सांगून.

मापाच्या वहीत पहिल्यांदाच माझं पान घातलं.
छाती चौतीस. डाव्या बाजूला टक्स नाही.
पहिली सुई, बुधवार.
खाली सुलक्षाच्या मुलीचं माप होतं,
शनिवारी लग्न, बाह्या अजून जोडायच्या.
सुईत दोरा ओवला. दुसऱ्या वेळी गेला.