फक्की

उद्या बुआकेत सामना आहे. हत्ती विरुद्ध घोडे.
म्हणजे हा देश, आणि उत्तरेकडचा तो दुसरा,
जिथून माझा बाप मालगाडीत बसून आला
कॉफीच्या मळ्यात वाकायला,
आणि वाकला तो वाकलाच.

मी नोबिला. मैदानावर फक्की मारतो.
आता चुना नसतो, डबाबंद रंग असतो, यंत्र असतं,
स्पर्धेचा एक साहेब टेप घेऊन मागे चालतो.
सरावाच्या मैदानावर मात्र अजून चुनाच.
बोटांवरच्या रेषा त्याने केव्हाच खाऊन टाकल्या.
रहिवासी दाखल्याच्या कचेरीत
काचेवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो.
कारकून म्हणतो, पुन्हा.
मी पँटला पुसून पुन्हा ठेवतो.
बापाचं नाव, गाव, जन्म, सगळा हत्ती गेला,
शेपूट राहिलं अंगठ्यात.

पहिल्या मुकादमाने शिकवलं होतं:
रेघ मैदानातच धरतात.
चेंडू रेघेवर असेल तर तो आत.
पुरता पलीकडे गेल्याशिवाय बाहेर म्हणायचं नाही.
भला माणूस होता. लवकर गेला.

लढाईच्या वर्षांत या शहराबाहेर
रस्त्यावर टायर मांडलेले, आडवा दोर.
दोराच्या अलीकडे नाव विचारत,
पलीकडेही नावच.
मैदानात गुडघाभर गवत वाढलं.
मी एकही रेघ मारली नाही तेव्हा.
कुणी मारायला सांगितलीही नाही,
पण सांगितली असती तरी
मारवली नसती.

रस्माता इथलीच. इथल्याच दवाखान्यात जन्मली,
इथल्याच शाळेत फ्रेंचमध्ये भांडायला शिकली.
गालांवर नारिंगी फासत आरशाला म्हणाली,
"उद्या तुझे घोडे पेंड खाणार, बाबा."
मी हसलो.
मग रात्री पडल्या पडल्या
ते "तुझे" बराच वेळ कानात वाजत राहिलं.

सामना. उत्तरेचा वारा धूळ घेऊन आलेला,
दिव्यांभोवती पिवळं धुकं.
मी गोलमागे, बादली आणि ब्रश घेऊन,
मधल्या सुट्टीत पुसलेलं नीट करायला ठेवलेला माणूस.
ऐंशीव्या मिनिटाला शिट्टी.
पेनल्टी. घोड्यांना.

चेंडू उचलला तो पोरगा ल्योंजवळ जन्मलेला.
आमच्या भाषेत त्याला पाणीसुद्धा मागता येत नाही,
रेडिओवाला सकाळी कौतुकानेच सांगत होता.
आणि छातीवर त्याच्या तो देश,
जो मी बापाला पुरायला गेलो तेव्हा शेवटचा पाहिला.
त्याने चेंडू ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला,
माझ्या ठिपक्यावर, कडेला किंचित टेकवून.
अकरा मीटर. मीच मोजलेले.
सगळं स्टेडियम एका घशात अडकलं.
तो धावला,
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि उघडल्यावर कळलं
की कोणता आवाज काढायचा
हे अजून ठरलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान रिकामं.
ठिपक्याच्या जागी खळगा, बुटाच्या टोकाएवढा.
वाळू भरली, बी टाकलं, टाचेने दाबलं.
रस्माता डबा घेऊन आली, अचेके आणि तळलेला मासा.
गालावरचा नारिंगी कानाकडे सरकलेला.
"काल टीव्हीवर दिसलास," ती म्हणाली.
"आ वासून उभा. कुणासाठी रे?"

मी कमरेचा दोर सोडला,
गाठी मारलेला, बापाने मळा मोजायला वळलेला.
म्हटलं, हे टोक धर. गोलच्या रेघेवर.
नाही, रेघेच्या आत नाही. रेघेवरच.

तिने वाकून धरलं.
मी गाठी मोजत
मागे मागे चालत गेलो.